पावण्यांची कोंबडी

कोंबडीने माझ्याकडे एकदा बघितलं, मग बशीतल्या भडंगाकडे बघितलं, आणि मान भिंतीकडे फिरवली. मला त्याचं विशेष काही वाटलं नाही. गेली चार वर्षं मी मुली बघतोय. आधी मी, मग बशी, मग भिंत, हा क्रम माझ्या ओळखीचा आहे. फरक इतकाच की मुलीकडची माणसं नंतर फोन करून पत्रिका जुळत नाही म्हणून सांगतात. कोंबडीने तेवढेही कष्ट घेतले नाहीत.

"खाल्लं काय रे?" आतून आईने विचारलं.

"नाही."

"शेंगदाणे वेगळे करून दे. चुरमुरे आवडत नसतील तिला."

मी शेंगदाणे वेगळे केले. राजारामपुरीतल्या दुसऱ्या मजल्यावरची आमची गॅलरी, वॉशिंग मशीनच्या मागची सापट, आणि तिच्यात उकिडवा बसून भडंग निवडणारा मी. एम. कॉम. झालोय. कोंबडीने डोळ्यांवर पापणी ओढून घेतली. तिची पापणी खालून वर जाते. माणूस नको झालं की बंद करायला ही सोय फार चांगली आहे. मला नाही ती.

कोंबडी आमची नव्हती. आमची असती तर एवढं झालंच नसतं, तिचा कधीच रस्सा झाला असता. ती पावण्यांची होती.

झालं असं की आम्ही मुरगूडला मुलगी बघायला गेलो होतो. आमच्याकडून तिघं. आई म्हणजे मीनाक्षी, जिला अमुक एक रीत माहीत नाही असं आजवर कुणालाही सिद्ध करता आलेलं नाही. बाबा म्हणजे वसंत, ज्यांचा कुठल्याही समारंभात एकच प्रश्न असतो आणि तो जेवणाबद्दल असतो. आणि मी शार्दूल. नाव वाघाचं आहे, पण घराखाली आमचं झेरॉक्सचं दुकान आहे ते चालवतो. मुलगी तेजस्वी, गावच्या दूध संस्थेची सचिव. तिचे वडील गणपतराव. त्यांना सगळे आण्णा म्हणतात. बायको वारल्यापासून घर, म्हशी आणि आण्णा हे तिन्ही तेजस्वीच बघते.

पोहे आले. मग कुणीतरी रिवाजाप्रमाणे 'पोरापोरीला बोलू द्या की जरा' म्हणालं आणि आम्हाला गोठ्यात पाठवलं, कारण शांत जागा तेवढीच होती. आम्ही उभे राहिलो. मध्ये एक म्हैस होती. मी काय विचारायचं ते आठवत होतो, छंद का स्वभाव, तेवढ्यात तीच म्हणाली, "पोहे खाल्लासा काय?"

"नाही अजून."

"खाऊ नका. सकाळपासनं तिसऱ्यांदा गरम केल्यात."

चार वर्षांत अनेक घरांनी मला पोहे दिले होते. त्यांच्याबद्दल खरी माहिती कुणी दिली नव्हती. गाडीत बसल्या बसल्या मी आईला म्हणालो, मला पसंत आहे. "एवढ्यात काय बोललात?" आई म्हणाली. "पोह्यांबद्दल," मी म्हणालो. आईला ते पटलं नाही, पण बाबांना पटलं.

मग आण्णा आमचं घर बघायला आले. एकटेच, जीप घेऊन. माणूस कमी बोलणारा. सगळ्या खोल्यांत फिरले, नळ सोडून बघितले, "पाणी रोज येतंय?" एवढंच विचारलं. "एक दिवसाआड," बाबा म्हणाले. आण्णांनी नळ बंद केला. चहा घेतला, आणि जाताना जीपमधून पोत्याने झाकलेली एक बांबूची बुट्टी आणून चपलांच्या स्टँडशेजारी ठेवली. "हे तुमास्नी," म्हणाले. "चलतो. धारंची येळ झाली." आणि गेले.

पोतं उचललं तर खाली तांबडी कोंबडी. पाय बांधलेले, पिसं फुलवलेली, घशात मोटार सुरू. बाबांनी पाय सोडले तरी उठेना. हात घातला तर चोच मारली. बुडाखाली भुसा होता, भुश्यात अंडी.

"कोंबडी आणि वर अंडी!" बाबांचे डोळे पाणावले. "माणूस मोठ्या मनाचा आहे हो." आणि ते माळ्यावरचं मोठं पातेलं काढायला स्टूल शोधू लागले.

"थांबा," आई म्हणाली.

आईने 'थांबा' म्हटलं की आमच्या घरात पंखासुद्धा थांबतो.

"ही खुडूक आहे. अंड्यांवर बसवलेली. आणि ही वेळ काय आहे? सोयरीक ठरायची. अशा वेळी मुलीचा बाप मुलाच्या दारात अंड्यांवर बसलेली कोंबडी आणून ठेवतो, ती काय कापून खायला?"

बाबांना तसंच वाटत होतं. पण त्यांनी स्टूल जागेवर ठेवलं.

"रीत आहे ही," आई म्हणाली. "ऐकलंय मी. मुलाकडच्यांनी कोंबडी नीट सांभाळायची, खाऊपिऊ घालायचं. पिल्लं निघाली की समजायचं, घर पोरीला लाभलं. मग सुपारी फोडायची."

हे तिने कुठे ऐकलं होतं ते विचारायची आमच्यात पद्धत नाही. तरी खात्री करायला म्हणून तिने गडहिंग्लजला बाबांच्या आत्याला, बयाबाईंना फोन लावला. "व्हय, हुतं असं पूर्वी," बयाबाई म्हणाल्या. बयाबाईंना काहीही विचारलं तरी ते पूर्वी होतं. मी एकदा त्यांना विचारलं होतं, नवरदेवाला पूर्वी उलटं घोड्यावर बसवायचे का. त्या म्हणाल्या, व्हय, आमच्या वेळंपर्यंत हुतं.

आणि एक हुकूम सुटला. पिल्लं निघेपर्यंत मुरगूडला लग्नाबद्दल अवाक्षर बोलायचं नाही. अशा गोष्टी बोलल्या की फिसकटतात. खरं म्हणजे आता होकाराचा फोन आम्ही करायचा होता. तो फोन थांबला. मला एवढंच समजलं की माझं लग्न एका कोंबडीच्या बुडाखाली आहे, आणि कोंबडी जेवत नाही.

जेवत नाही म्हणजे अगदीच नाही असं नाही. आम्ही पाठ फिरवली की चोच पुरेल तेवढ्यातलं एखाददुसरं उचलायची. पण समोर ठेवलेलं ताट शिवायची नाही. सुरुवातीला जोंधळे ठेवले. नाही. तांदळाची कणी. नाही. आईने मका भिजत घातला, मग तो उकडला, मग त्याला जिऱ्याची फोडणी दिली. मी म्हणालो, फोडणी कशाला? आई म्हणाली, पावण्यांची आहे, वासाने तरी खाईल. वासाने बाबा आले.

मी मोबाईलवर व्हिडिओ बघितला. त्यातला माणूस मागे बासरी लावून सांगत होता की कोंबडीला गाजर किसून द्या. दिलं. कोंबडी गाजराकडे अशी बघत राहिली की गाजरालाच अवघडल्यासारखं झालं असेल. मग मी जनावरांच्या दवाखान्यात फोन केला. पलीकडच्या बाईंनी विचारलं, "पेशंटचं नाव?"

"नाव नाही हो. कोंबडी आहे."

"सर, नावाशिवाय अपॉइंटमेंट होत नाही."

"गावठी कोंबडी लिहा."

"ते ब्रीड झालं. नाव सांगा."

मी फोन ठेवला. चार वर्षं माझीच अपॉइंटमेंट कुठे होत नव्हती, आणि मला निदान नाव होतं.

आईने कोंबडीची व्यवस्था मात्र चोख ठेवली होती. वारा लागू नये म्हणून ए-फोर कागदाच्या रिकाम्या खोक्यांची तिच्याभोवती भिंत रचली. वर डास येऊ नयेत म्हणून जुनी जाळी. आत खिळा आणि कोळसा, दृष्ट लागू नये म्हणून. त्या किल्ल्यात कोंबडी बसून असायची, आणि आम्ही पाळीपाळीने खोकं बाजूला करून तिला आग्रह करायचो. पंगतीत करतात तसा. "घे ग, एवढं एक घे." "आवडलं नाही का?" "थोडं तरी, आमच्यासाठी." मी पहाटे, आई दुपारी, दुकान बंद करून परत मी. एकदा मी बाबांना जाळीसमोर बसून बदामाचे तुकडे करताना पकडलं. एक तुकडा तिला, एक स्वतःला. तिचे सगळे तुकडे तसेच पडले होते.

"बदाम कुणी काढायला सांगितले?" मी म्हणालो.

"तुझ्या आईने. काजू पण आहेत." बाबा दमल्यासारखे दिसत होते. "शार्दूल, मी लग्नात सासऱ्यांच्या पाया पडलो, सासूच्या पडलो, मेव्हण्याचं लग्न लावून दिलं. पण त्यांच्या कोंबडीला भरवलं नाही रे कधी."

बाबांचं दुःख वेगळं होतं. आईने घरात मटण बंद केलं होतं. तिच्यासमोर कसं शिजवायचं, असं तिचं म्हणणं. आम्ही सांगितलं की ते बकऱ्याचं असतं, कोंबडीचा त्यात संबंध येत नाही. आई म्हणाली, जीव तो जीव, ती काय मनात धरेल. त्यामुळे कोल्हापुरात राहून आमच्याकडे रविवारी दोडक्याची भाजी होऊ लागली. एका रविवारी बाबा फिरून आले आणि गॅलरीत गेले तर कोंबडी अंग फुगवून ओरडली. आईने त्यांच्या शर्टाचा वास घेतला. "खानावळीत गेला होता," ती म्हणाली. कोंबडीने आमच्या घरात केलेलं हे पहिलं काम.

दिवस जात राहिले. झेरॉक्स मशीन चालू असताना मला डुलकी लागायची. एका काकूंना मी वीज बिलाच्या तीस प्रती काढून दिल्या, त्यांना तीन हव्या होत्या. त्या म्हणाल्या, काय झालंय तुला? मी म्हणालो, घरात कुणी जेवत नाही हो. त्या म्हणाल्या, आजारी आहेत का कोण? मी म्हणालो, नाही, पावणे आहेत. त्या म्हणाल्या, मग लाजत असतील. मला हे सगळ्यात पटणारं निदान वाटलं.

मुरगूडशी आमचा संबंध एवढाच उरला होता की आण्णा रोज सकाळी बाबांना 'शुभ सकाळ' असं लिहिलेलं फूल पाठवायचे आणि बाबा उलट दोन जोडलेले हात पाठवायचे. कधी जास्वंद, कधी कमळ. दोन घरांची सोयरीक फुलांवर तरंगत होती. बाबा म्हणायचे, अरे, मी नुसतं 'होय' म्हणून लिहू का? आई गॅलरीकडे बोट दाखवायची.

कोंबडी उतरत चालली होती. तुरा फिकट पडला. खोकं सरकवलं तर पूर्वी चोच मारायची, आता नुसतीच बघायची. अंडी फुटायची वेळ होऊन गेली, तरी आतून टकटक नाही की काही नाही. आईने जाळीबाहेर उदबत्ती लावली. मी रोज रात्री हिशेब करत झोपायचो की आधी काय होईल. पिल्लं निघाली तर लग्न. कोंबडी मेली तर लग्न नाही, आणि वर पावण्यांची कोंबडी उपाशी मारली म्हणून मुरगूड ते कोल्हापूर नाव होईल. मग तर पत्रिका जुळत नाही असंही कुणी म्हणणार नाही. सरळ कारण सांगतील.

आणि एक दिवस फूल आलं नाही.

बाबांनी दहादा मोबाईल उघडून बघितला. दुसऱ्या दिवशीही नाही. "कळलं त्यांना," आई खुर्चीत बसली. "कोंबडी खात नाही हे कळलं."

"कसं कळेल?"

"अशा गोष्टी कळतात."

त्या दिवशी मी दुकानात बसलो होतो. समोर गर्दी. एका हाताने कागद घ्यायचा, एका हाताने द्यायचा, वर बघायचं नाही, अशी माझी पद्धत. एक आधार कार्ड पुढे आलं.

"दोन्ही बाजू?" मी म्हणालो.

"न्हाई. तुमची एकच बाजू ऐकायची हाय."

मी वर बघितलं. तेजस्वी. खांद्याला बॅग, डोक्याला रुमाल, चेहरा उन्हाने लाल. मागे क्लासची पोरं उभी होती, त्यांनी झेरॉक्स सोडून आमच्याकडे बघायला सुरुवात केली.

"नकार द्यायचा असंल तर तोंडानं द्या की," ती म्हणाली. "आमचे आण्णा रोज सकाळी मोबाईल घिऊन उंबऱ्यात बसत्यात. फूल पाठवत्यात. तुमच्याकडनं नुसतं हात जोडल्यालं येतंय. माणसानं काय समजायचं? हात कशाला जोडताय, या आता म्हणून?"

"तसं नाही हो—"

"रविवारी निपाणीचं स्थळ येतंय. आण्णा म्हणाले, आता त्यांचं काय न्हाई. मी म्हटलं, संस्थेच्या कामानं कोल्हापूरला चाललेच हाय, तर बघून येते कसली माणसं हाईत. पोहे खाऊ नका म्हटलं त्याचा राग आला काय?"

"उलट," मी म्हणालो. "त्याच्यावरच पसंत केलं." मागच्या पोरांपैकी एक हसला. "पण पिल्लं निघाल्याशिवाय आम्ही कसं कळवणार?"

"कसली पिल्लं?"

"तुमच्या कोंबडीची."

तेजस्वी माझ्याकडे बघत राहिली. तिच्या पापण्या माणसांसारख्याच होत्या, पण क्षणभर मला खात्री वाटेना.

"ती अजून हाय?" ती म्हणाली.

मी मशीन बंद केलं. पोरांना म्हणालो, लाईट गेली. दुकानात दिवा चालू होता, पण पोरं समजूतदार होती.

वर आईने दार उघडलं आणि तेजस्वीला बघून पदर सावरला. बाबांनी टीव्हीचा आवाज कमी केला. तेजस्वी सरळ गॅलरीत गेली. तिने उदबत्ती बघितली. जाळी बघितली. कागदाच्या खोक्यांचा किल्ला, समोर मांडलेल्या बश्या, किसलेलं गाजर, फोडणीचा मका, काजू, बदाम हे सगळं बघितलं. शेवटी कोंबडीकडे बघितलं. कोंबडीने तिच्याकडे बघितलं. मी इतके दिवस ज्या चेहऱ्यासमोर बसलो होतो त्या चेहऱ्यावर मला पहिल्यांदा काहीतरी दिसलं. ओळख असेल.

"हे काय चाललंय ओ काकू?"

"रीत," आई म्हणाली. आवाज जरा खाली आला होता. "तुमच्यातली. सोयरिकीच्या वेळी कोंबडी बसवून पाठवायची."

"आमच्यात?"

"आमच्यातही होती पूर्वी."

तेजस्वीने ओठ दाबून धरले. मग म्हणाली, "काकू, आण्णांनी तुमास्नी कोंबडी खायाला दिलती. ही अंडी घालायची सोडून सारखी खुडूक बसती, म्हणून म्हटलं जाऊ दे पावण्यांच्या घरला. अंडी बी खायाला. बुट्टी एकच हुती. खाली अंडी ठिवली, वर जागा हुती म्हणून कोंबडी ठिवली. ती वाटंत बसली असंल त्येंच्यावर."

बाबांनी हळूच माळ्याकडे बघितलं.

"बरं, पण खात का नाही ती?" मी विचारलं. मला खरंच जाणून घ्यायचं होतं. बाकी आयुष्याचं काही होवो.

"बसल्या जागंवर कोण खातंय?" तेजस्वीने जाळी ओढून काढली, खोक्यांवर पाय देऊन आत वाकली, दोन्ही हात पंखांखाली घातले आणि कोंबडी उचलली. "अंड्यावर बसलेली कोंबडी अंड्यापाशी घाण करत न्हाई आन खात बी न्हाई. दिवसातनं एकदा बाहीर येती, पाय मोकळे करती, खाती, परत जाती. तुमी तिच्या चारी बाजूला भिंत बांधल्या. आन वरनं सगळे तोंडाकडं बघत बसलाय. मला असं कोण बघत बसलं तर मी बी खाणार न्हाई."

मला गोठ्यातली म्हैस आठवली. त्या दिवशी आम्हाला निदान तिचा आडोसा होता.

तिने कोंबडीला गॅलरीच्या मधोमध सोडलं. कोंबडी तशीच बसली. मग उठली. पंख झाडले, आकार दुप्पट केला, तुळशीच्या कुंडीपर्यंत चार पावलं गेली आणि आईच्या रांगोळीवर इतके दिवस सांभाळून ठेवलेलं सगळं एकदम सोडलं. वास असा आला की खालच्या मजल्यावरच्यांनी खिडकी लावली. आम्ही ऐकली लावलेली. बाबा नाकाला रुमाल लावून म्हणाले, "सुटली बिचारी."

"जोंधळं हाईत काय?" तेजस्वी म्हणाली.

आईने डबा आणला. बशी घेत होती, तेजस्वीने मूठभर जोंधळे फरशीवरच फेकले. "आता आत चला सगळे. तिच्याकडं बघायचं न्हाई."

आम्ही आत जाऊन सोफ्यावर ओळीने बसलो आणि बंद टीव्हीकडे बघत राहिलो. गॅलरीतून आवाज यायला लागला. टक. टक टक. टकटकटकटक. आईने पदर तोंडाला लावला. बाबांचं मला माहीत नाही, पण मी पहिल्यांदा पाठ टेकली. टेकल्यावर कळलं की किती दिवस टेकली नव्हती.

तेजस्वीने एक अंडं आणून कानाशी हलवलं. आतून गदगद आवाज आला. "नासलं. सगळी तशीच असणार. निघणार कुठनं? आमच्यात कोंबडाच न्हाई. म्हाईला कापला."

म्हाई म्हणजे त्यांच्या गावची जत्रा. घरोघर पावणे येतात आणि कोंबडे जातात.

"मग ही इतके दिवस बसली कशासाठी?" आईचा आवाज रडवेला झाला होता.

"ती कशावर बी बसती. बटाटं ठिवा, बटाट्यावर बसंल." मग तिला आईच्या चेहऱ्यावर काय दिसलं कोण जाणे, जरा मऊ होऊन म्हणाली, "पण जगवलासा की काकू तुमी. एवढं कोण करतंय?"

आई म्हणाली, "बयाबाई म्हणाल्या होत्या हो. तिच्यासमोर नको म्हणून घरात मटणसुद्धा शिजवलं नाही."

मी मोबाईल काढला. रविवारी निपाणी येत होती. गेले कितीतरी दिवस मी अंडी फुटायची वाट बघत होतो, आणि ती अंडी फुटणारच नव्हती. फोन मात्र कधीही लागत होता. मी आईकडे बघितलं. तिने मान डोलावली. बाबांनी तर दोन्ही हात जोडले. मी आण्णांचा नंबर लावला.

"आण्णा, शार्दूल बोलतोय. राजारामपुरीतनं."

"बोला," आण्णा म्हणाले. पूर्वी ते पावणं म्हणायचे.

"आमचा होकार आहे. पहिल्या दिवसापासून होता."

पलीकडे म्हैस ओरडली. मग आण्णा म्हणाले, "मग इतकं दिवस काय करत हुता?"

"कोंबडी—"

"हां, कोंबडी. कशी लागली?"

मी गॅलरीकडे बघितलं. "अजून आहे."

"अजून? फ्रिजात?"

"नाही. गॅलरीत."

"जिती?"

"जेवतेय."

"आमची कोंबडी पसंत पडली न्हाई म्हणा की," आण्णा म्हणाले, आणि मला जाणवलं की इतक्या सगळ्यानंतरही माझं लग्न कोंबडीमुळेच मोडायची वेळ आली आहे. तेवढ्यात तेजस्वीने मोबाईल माझ्या हातातून काढून घेतला.

"आण्णा, मी बोलतेय. व्हय, हितंच हाय, मागनं सांगते. ऐका आधी. ह्यांनी कोंबडीला बदाम घातल्यात."

"काय?"

"बदाम. आन काजू. मक्याला फोडणी दिल्या. घरात मटण बंद केलंय तिच्यासमोर नको म्हणून. डासाची जाळी लावल्या."

"खुडूक कोंबडीला?"

"व्हय."

मोबाईल स्पीकरवर नव्हता, पण आण्णांचा आवाज मुळातच स्पीकरवर असतो. आम्ही चौघं वाट बघत होतो. गॅलरीतली पण थांबली होती.

"तेजे," आण्णा शेवटी म्हणाले, आणि आवाज जरा ओला होता, "निपाणीकरास्नी येऊ नका म्हणून सांग."

दुसऱ्या दिवशी सकाळी फूल आलं. कमळ. बाबांनी उलट काय पाठवलं असेल? कोंबडीचं चित्र.

सुपारी फोडायला आम्ही मुरगूडला गेलो तेव्हा बुट्टी बरोबर होती. कोंबडी परत करायची होती, कारण आता तिला कापणं कुणाला शक्यच नव्हतं, आणि दोन-चार दिवस नीट खाऊन ती पुन्हा खुडूक बसली होती. यावेळी माझ्या बुटावर. मी बुटासकट आणली.

मांडव भरलेला. माझ्या मावश्या, तेजस्वीच्या भावकीतल्या बायका, बयाबाई खुर्चीत. आण्णांच्या एका वयस्क चुलतीने बुट्टीकडे बोट करून मोठ्याने विचारलं, "ही कोंबडी कशाला आणल्या?"

मी आईकडे बघितलं. आई एक क्षण थांबली, एवढंच.

"रीत आहे आमच्यात," आई म्हणाली.

सगळ्यांनी आण्णांकडे बघितलं. आण्णांना सगळं माहीत होतं. त्यांनी फेटा सारखा केला, भावकीकडे बघितलं, आणि म्हणाले, "व्हय. आमच्यात बी हुती पूर्वी."

"हुती," बयाबाई म्हणाल्या.

मग गुरुजींनी ताट मांडलं, ताटात नारळ, पान, सुपाऱ्या. ते मंत्र शोधत होते तेवढ्यात कोंबडी बुटावरून उठली, बुट्टीच्या बाहेर आली, गर्दीतून शांतपणे चालत पुढे गेली आणि नारळावर बसली. पिसं फुलवली. सुपाऱ्या आत ओढून घेतल्या. घशातली मोटार सुरू केली.

कुणी तिला हात लावेना, कारण हाही रितीचा भाग असला तर काय घ्या. गुरुजींनी आईकडे बघितलं, आईने आण्णांकडे, आण्णांनी बयाबाईंकडे. बयाबाई मान डोलावत होत्या. स्वयंपाकघरातून मटणाचा वास येत होता आणि बाबांनी डोळे मिटून घेतले होते. मी मनात हिशेब केला. नारळ उबायला किती दिवस लागतात?

माझ्या समोरच्या पाटावर तेजस्वी बसली होती, हिरव्या साडीत, खाली बघत, तिला सांगितलं होतं तशी. तिने एकदा माझ्याकडे बघितलं. मग पदर कमरेला खोचला, पाटावरून उठली, दोन्ही हात पंखांखाली घालून कोंबडी उचलली आणि मांडवाबाहेर नेऊन सोडली.

मूठभर जोंधळे टाकले. हात झटकले. परत येऊन बसली.

"तिच्याकडं कुणी बघू नका," ती म्हणाली. "चला, फोडा सुपारी."